राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा कोणासाठी?

प्रति,
पाऊस, नद्या आणि धरणांच्या नोंदींसाठी पोर्टलं, डॅशबोर्ड आणि ॲप आखणारे शास्त्रज्ञ, अभियंते व अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी कुठून ना कुठून घोषणा होते: नवी प्रणाली आली, नवा डॅशबोर्ड आला, आता सगळी माहिती एका क्लिकवर. आम्ही कोल्हापूरकर हौसेने क्लिक करतो. नकाशा अर्धा उघडतो, रंगीत ठिपके दिसतात आणि मधोमध एक चक्र फिरत राहतं. जुलैत झड लागली, लाइट गेली, मोबाइलची रेंज एका काडीवर आली की ते चक्र थांबतच नाही. मग माणूस नदीकाठच्या पाहुण्याला फोन लावतो आणि विचारतो, "पाणी किती हाय?" उत्तर तुमच्या सर्व्हरवर असतं. ते विचारणाऱ्यापर्यंत का पोहोचत नाही, याबद्दल लिहायचं आहे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव झालो. (सभेला जो उशिरा पोहोचतो त्याला सचिव करायची आमच्याकडे पद्धत आहे.) त्यामुळे तुमची आकडेवारी मला दोन कामांसाठी लागते. एक, पोरांच्या प्रोजेक्टसाठी वर्षानुवर्षांची सलग मालिका. दुसरं, नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी आज रात्री काढायच्या की उद्या उजाडल्यावर, एवढाच निर्णय. दोन्हीकडे मी अडतो आणि दोन्हीकडची अडचण वेगळी आहे. तुमचं पोर्टल मात्र दोघांना एकच पान दाखवतं. ते पान पाहिलं की वाटतं, हे या दोघांपैकी कोणासाठीच केलेलं नाही. हे आढावा बैठकीतल्या पडद्यासाठी केलेलं आहे.

आधी मोटारींचं सांगतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. मोजायची जागा राजाराम बंधारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ फूट ओलांडले. हे आकडे आता आमच्या बोलण्यात लग्नाच्या तारखांसारखे येतात. पण मोटारवाल्याला ३९ आणि ४३ चा उपयोग थोडाच. त्याची मोटार जिथे बसवलेली आहे तिथे पाणी इशारा पातळीच्या कितीतरी आधी पोहोचतं. त्याची धोका पातळी त्याच्या काठाची आहे आणि ती त्याला तोंडपाठ आहे: "बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आमच्या पेटीला पाणी लागतंय." त्याला हवा असतो चढाचा वेग. आमच्या मोटारवाल्याचं वाक्य जसंच्या तसं देतो: "सर, किती हाय ते ऱ्हाऊ द्या, तासाला किती चढतंय ते सांगा." २०१९ ला पाणी दिवसेंदिवस मुक्कामाला राहिलं, २०२१ ला बघता बघता अंगावर आलं. दोन्ही वेळच्या शिखरांत फरक फुटाच्या आतबाहेरचा, पण काठावरच्या माणसासाठी ते दोन वेगळे पूर होते. पूरस्थितीच्या सरकारी बुलेटिनात मात्र दोन्हीकडे त्या त्या वेळची पातळी, एवढाच एक आकडा. मागचा आकडा हवा असेल तर मागची पीडीएफ शोधा आणि वजाबाकी करा, तीही रात्री दोन वाजता, ट्रॅक्टरच्या उजेडात.

ही वजाबाकी यंत्राने करायची असते. गेल्या तासात किती, गेल्या तीन तासांत किती, आणि या चालीने माझ्या आकड्याला कधी लागेल. अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षणाच्या नदीमापन केंद्रांवर कोणीही आपापली पातळी ठरवून ठेवू शकतो. पाणी तिथे पोहोचलं की त्याला संदेश जातो. ३९ आणि ४३ हे प्रशासनाचे आकडे आहेत आणि प्रशासनाला ते लागतातच. पण सुतारवाड्यातल्या कुटुंबाचा आकडा वेगळा, बापट कॅम्पातल्या गणेशमूर्ती हलवणाऱ्या कुंभाराचा वेगळा, चिखली-आंबेवाडीच्या गोठ्यांचा वेगळा. तो आकडा त्यांना ठेवू द्या, एवढीच सोय करायची आहे. यासाठी नवा उपग्रह सोडावा लागत नाही.

शिरोळ तालुक्याची तऱ्हा तर आणखी निराळी. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तटतं. त्या माणसाला राजाराम बंधाऱ्यावरची पातळी उतरल्याची बातमी देऊन काय उपयोग? त्याला वारणेची, कोयनेची आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची हालचाल एकत्र दिसायला हवी. अलमट्टीवरून दरवर्षी वाद झडतात. त्या वादात मी पडत नाही. पण दोन राज्यांचे आकडे एकाच वेळेचे, एकाच एककात, शेजारी शेजारी मांडलेले असते, तर भांडण निदान आकड्यांवर तरी झालं असतं. आता ते एकमेकांकडच्या कात्रणांवर होतं.

एककांचा विषय निघालाच आहे. राजाराम बंधारा फूट-इंचात, मॉडेल करणाऱ्याला ती पातळी हवी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. धरणातला साठा सरकारी कागदात दलघमी (दशलक्ष घनमीटर), वर्तमानपत्रात टीएमसी (अब्ज घनफूट). विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रतिसेकंद), शास्त्रीय लेखात घनमीटर प्रतिसेकंद. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक. तीन दरवाजे उघडले की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागतात. पण त्या पाण्याचा साठ्याशी हिशेब कोणी जोडून देत नाही. ११,५७४ क्युसेक अखंड चोवीस तास चाललं की एक टीएमसी होतं. म्हणजे सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी एक टीएमसीला थोडं कमीच, आणि राधानगरीची सगळी क्षमता साधारण ८.३६ टीएमसी. हे वाक्य पोर्टलवर धरणाच्या नावाखाली लिहिलेलं असतं तर दरवाजा उघडल्यावर उठणाऱ्या निम्म्या अफवा उठल्याच नसत्या. उरलेल्या निम्म्यांना हवं असतं ते एवढंच: हे पाणी बंधाऱ्यावर साधारण किती तासांनी लागेल.

आता नोंद करणाऱ्याबद्दल. तुमच्या वापरकर्त्यांच्या यादीत तो कधीच नसतो. आकडा तो देतो म्हणून तुम्ही त्याला प्रणालीचा भाग समजता. खरं तर पहिला वापरकर्ता तोच. पावसात, एका हातात बॅटरी धरून, दुसऱ्या हाताने मोबाइलवर पातळी भरणारा माणूस. त्याच्या फॉर्ममध्ये एकच चौकट असते आणि ती दशांश घेते. आता बघा काय होतं. पातळी ४३ फूट ९ इंच. तो लिहितो ४३.९. पुढच्या तासाला ४३ फूट १० इंच. तो लिहितो ४३.१०. एक्सेल शेवटचं शून्य गिळतं आणि उरतं ४३.१. त्यापुढे ४३.११, मग ४४. एका विद्यार्थ्याने अशा तक्त्याचा आलेख काढून मला दाखवला. चढत्या पुरात, धोका पातळीच्या नेमकं वर, नदी एका तासात धपकन उतरलेली, तासभर तिथेच घुटमळलेली आणि मग एकदम वर उडी मारलेली. तो बिचारा कारण शोधत होता, कुठला दरवाजा बंद केला असेल म्हणून. दरवाजा कुठलाच बंद झाला नव्हता. दहा इंचांचा एक इंच झाला होता आणि अकरा इंचांना संगणक शंभरातले अकरा भाग समजत होता. पुन्हा ४३.५ म्हणजे ४३ फूट ५ इंच, की साडेत्रेचाळीस फूट म्हणजे ४३ फूट ६ इंच, हे तो तक्ता पाहून ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

उपाय किती साधा आहे: दोन चौकटी, एक फुटांची, एक इंचांची, आणि इंचाच्या चौकटीत अकराच्या वर काही जाणार नाही. मागच्या नोंदीपेक्षा आकडा विचित्र वेगळा असेल तर फॉर्मने तिथल्या तिथे विचारावं, "नक्की ना?" मीटरमध्ये रूपांतर यंत्र करील. माणसाने पट्टीवर जे पाहिलं तेच त्याला लिहू द्या. पण हे कळण्यासाठी त्या माणसाशेजारी एक रात्र उभं राहावं लागतं, आणि बहुतेक प्रणाल्यांच्या निविदेत ती रात्र धरलेली नसते.

त्याहून मोठा घोळ शून्याचा. पाऊस पडला नाही, आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन गोष्टी तक्त्यात सर्रास एकाच रूपात येतात: ०. स्वयंचलित यंत्राची बॅटरी संपली, फनेलमध्ये पाला अडकला, टॉवर बंद पडला, तरी ०. अभ्यासकाची सरासरी बिघडते, ते ठीक, तो नंतर डोकं धरून बसेल. पण आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची, मदतीची गाडी पुढे सरकते. त्या दिवशी यंत्र बंद असेल आणि तिथे शून्य छापलं गेलं असेल, तर ज्याचं सोयाबीन पाण्यात बसलं त्याच्या दृष्टीने ते शून्य फार महाग आहे. रिकामी जागा रिकामी दाखवा. शेजारी लिहा: यंत्र बंद. त्यात कमीपणा कसला? हिरवा ठिपका दाखवून आत शून्य ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. वर उल्लेख केलेल्या अमेरिकेच्या केंद्रांवर ताज्या आकड्याशेजारी तो 'तात्पुरता' असल्याची खूण असते आणि तपासणी झाल्यावर ती बदलून 'मंजूर' होते. वाचणाऱ्याला कळतं, कशावर किती भिस्त ठेवायची. आपल्याकडे तात्पुरता आकडा आणि तपासलेला आकडा एकाच फाँटात, एकाच रंगात येतात. कधी मागचा आकडा गुपचूप बदलतोही, आणि कोणी, कधी, का बदलला याचा मागमूस राहत नाही.

अभ्यासकाच्या बाजूचं बोलायचं तर वेळेचं दुखणं सर्वांत चिवट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २२ तारखेला रात्रभर कोसळलेला पाऊस २३ तारखेच्या खाती जमा. उपग्रहावरून येणारा दैनिक पाऊस जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. नदीची पातळी घड्याळी तासाने. या तिन्ही एकत्र जोडल्या तर पाऊस पडायच्या आधी पूर आल्याचे निष्कर्ष निघतात, आणि असे शोधनिबंध मी तपासलेले आहेत. चूक पोरांची नसते. तक्त्याच्या माथ्यावर फक्त 'दिनांक' लिहिलेलं असतं. 'सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा' हे चार शब्द लिहायला काय लागतं?

जागेचंही तसंच. आपला जिल्हा पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेतो आणि पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. संशोधनात सर्रास वापरली जाणारी अक्षांश-रेखांशाच्या जाळ्यातली पाव अंशाची चौकट सुमारे २७ किलोमीटरची असते. घाटमाथ्याचा पाऊस आणि पठाराचा पाऊस त्या एका चौकटीत मिसळून जातो. म्हणून प्रत्येक पर्जन्यमापकाची मूळ नोंद हवी, आणि तिच्यासोबत मापकाचा इतिहास: तो कुठे होता, केव्हा हलवला, शेजारी झाड वाढलं का, इमारत उठली का. हा इतिहास कुठल्या तरी कार्यालयातल्या वहीत नक्की असतो. तो आकड्यांसोबत प्रवास करत नाही. गावांच्या नावांबद्दल थोडक्यात: नृसिंहवाडी, नरसोबावाडी, वाडी, ही तिन्ही एकच, हे आम्हाला कळतं, संगणकाला नाही. केंद्र सरकारने प्रत्येक गावाला संकेतांक दिलेला आहे, तो वापरा.

आणि पीडीएफ. जुन्या फाँटातली मराठी पीडीएफ, जिच्यातून मजकूर उचलला की अगम्य चिन्हांचा चिवडा हाती येतो, तिचा फोटो, त्या फोटोचा स्क्रीनशॉट. यावर अधिक लिहिलं तर माझा रक्तदाब वाढेल.

तुम्ही म्हणाल, माहिती तर आम्ही खुली केलीच आहे. २०१२ पासून देशाचं डेटा वाटपाचं धोरणच आहे. आहे. पण दार उघडं असणं वेगळं आणि आत शिरलेल्याला हवी ती वस्तू सापडणं वेगळं. २०१६ मध्ये जगभरच्या संशोधकांनी वैज्ञानिक आकडेवारीसाठी चार कसोट्या मांडल्या: ती सापडावी, मिळवता यावी, इतर आकडेवारीशी जोडता यावी, पुन्हा वापरता यावी. आपलं बरंचसं काम दुसरीवर थांबलेलं आहे. आणि वापरणाऱ्याच्या वाटेतला एखादा अडथळा काढला तर काय घडतं, याचं उदाहरण पृथ्वीची चित्रं टिपणाऱ्या लँडसॅट उपग्रहांचं. त्या उपग्रहांची चित्रं पूर्वी विकत मिळायची. विक्रीच्या चांगल्या वर्षातही सुमारे २५ हजार चित्रं जायची. २००८ मध्ये ती मोफत करायचं ठरलं आणि दोन-तीन वर्षांतच वर्षाला १० लाखांच्या पुढे चित्रं उतरवून घेतली जाऊ लागली. उपग्रह तेच होते, कॅमेरे तेच होते. नासाच्या पृथ्वी-निरीक्षणाच्या डेटा केंद्रांना तर वापरकर्त्यांचे सल्लागार गटच जोडलेले असतात आणि वापरणाऱ्यांची दरवर्षी पाहणी होते. आपल्याकडे पोर्टलच्या तळाशी 'अभिप्राय' असं बटण असतं. मी ते दाबून पाहिलं आहे. पुढचं पान उघडत नाही.

हे सगळं असं का होतं, याचं माझं उत्तर कडू वाटेल. आपल्याकडे आकडा वर पाठवण्यासाठी गोळा केला जातो. बंधाऱ्यावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून मुंबईला. प्रत्येक पायरीवर तो कोणाला तरी सादर होतो आणि सादर झाला की त्याचं काम संपलं. ज्याच्या दारात पाणी आलं तो या साखळीत नाहीच. बुलेटिनची वेळ, रकाने, भाषा, सगळं वरच्या बैठकीच्या वेळेवर बेतलेलं. मला बैठकीचा राग नाही, जिल्हाधिकाऱ्यांनाही आकडा लागतोच. पण त्यांच्यासाठी फोन करणारी माणसं आहेत. आमच्यासाठी तुमचं पोर्टलच आहे.

न्यायाने हेही सांगायला हवं की याच बुलेटिनात एक गोष्ट वापरणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेली आहे: पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणजे आमचे छोटे पूलच. त्यामुळे ही यादी वाचली की दूधवाल्याला, एसटीवाल्याला, शाळेच्या मास्तरांना कुठला रस्ता बंद आहे ते बरोबर कळतं. ती यादी कोणी आणि का सुरू केली माहीत नाही, पण ज्याने केली त्याला रस्त्यावर अडकलेला माणूस ठाऊक होता. तिला फक्त एक रकाना जोडा: हा बंधारा राजाराम बंधाऱ्यावरच्या कितव्या फुटाला पाण्याखाली जातो. इतक्या वर्षांच्या नोंदींतून ते काढता येईल. आमच्या विद्यार्थ्यांना दिलंत तर ते आनंदाने काढून देतील.

माझी मागणी मोठी नाही. नवी प्रणाली आखायच्या आधी, पडद्याचे रंग ठरायच्या आधी, मे महिन्यात एक दिवस आमच्या संस्थेच्या ऑफिसात या. मी मोटारवाल्याला बोलावतो, पातळी भरणाऱ्याला बोलावतो, तलाठी, दूध संकलन करणारा आणि विद्यापीठातली पुरावर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी, सगळ्यांना बोलावतो. तुम्ही बोलू नका, आधी त्यांना विचारा की गेल्या पुरात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला निर्णय घ्यायचा होता आणि तेव्हा हाती काय होतं. मग तुमचं कच्चं पान त्यांच्याच फोनवर उघडा, तुमच्या लॅपटॉपवर नको. ऑफिसात रेंज एकच काडी असते, त्यामुळे चाचणी आपोआप खरी होईल. पान उघडायला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजीन. चहा आणि भडंग संस्थेच्या खर्चाने.

येण्याआधी चार दिवस कळवा, मोटारवाला ऊसतोडीच्या हिशेबात अडकलेला असतो.

आपला,
पंचगंगेकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव
कोल्हापूर